घरच्या शाळेचा आठवडा: तिरोडी परिसरातील प्राथमिक शिक्षणाचा एक धागा

प्राथमिक शाळेतील मुलाने आठवडाभर घरीच, पण ठरवून दिलेल्या वेळापत्रकाने शिकायचे, ही पद्धत बालाघाट जिल्ह्यातील तिरोडी परिसरात सरकारी आदेशाने आली ती सोमवार, 6 जुलै 2020 रोजी. मध्य प्रदेशच्या राज्य शिक्षा केंद्राने त्या दिवशी ‘हमारा घर, हमारा विद्यालय’ हा कार्यक्रम राज्यभर सुरू केला. या मुलुखात घरचे शिक्षण मात्र शाळेच्या इमारतीहून कितीतरी जुने आहे. त्याला स्वतःच्या वेळा होत्या, स्वतःच्या सुट्या होत्या आणि सोमवार ते शनिवार हा हिशेब त्यात फार उशिरा शिरला.

तिरोडी हे मँगनीजच्या खाणीचे गाव. महाराष्ट्राच्या सीमेला लागून, बालाघाट जिल्ह्याच्या नैर्ऋत्य टोकाला ते आहे. भंडारा जिल्ह्यातल्या तुमसर रोड स्थानकातून फुटलेल्या रेल्वे शाखेचे हे अनेक दशके शेवटचे स्थानक होते; आता रूळ पुढे कटंगीपर्यंत गेले आहेत. भूशास्त्राच्या पुस्तकांत गावाचे नाव दोनदा येते. इथल्या खडकाला ‘तिरोडी नाईस’ म्हणतात, आणि 1938 मध्ये इथे सापडलेल्या एका मँगनीजयुक्त खनिजाला ‘टिरोडाइट’ असे नाव दिले गेले होते; पुढे खनिजांच्या नामावलीत ते बदलले. घराघरांत बोली अनेक: पोवारी, झाडीबोली, गोंडी, हिंदी. त्यामुळे घरी शिकवायचे तर कोणत्या भाषेत, हा प्रश्न इथे पहिल्यापासून आहे.

बालाघाट जिल्हा 1867 मध्ये भंडारा, शिवनी आणि मंडला या जिल्ह्यांचे तुकडे जोडून तयार झाला. त्याआधी हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा. 1854 मध्ये ते राज्य खालसा झाले आणि 1861 मध्ये मध्य प्रांत आकाराला आला. भोसल्यांच्या काळात मराठी मुलुखात सर्वत्र दिसणारी पंतोजीची शाळा हीच मुलांची शाळा होती. ती भरायची ओसरीवर, देवळात किंवा एखाद्या पाटलाच्या पडवीत, म्हणजे कोणाच्या तरी घरीच. पाटीवर बारीक धूळ पसरून काडीने अक्षर गिरवायचे, चुकले तर हात फिरवून पुन्हा धूळ सारखी करायची. हात बसला की बोरू आणि शाई. हिशेब मोडी लिपीत.

या शाळेला आठवडा नव्हता. सुट्या तिथीने पडत. संस्कृत पाठशाळांत प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा आणि अमावास्या हे अनध्यायाचे दिवस. पंतोजींच्या शाळाही हाच चंद्राचा हिशेब कमी-अधिक पाळत. शाळा-प्रवेशाचा मुहूर्त दसऱ्याचा. पाटीवर एकाच्या आकड्यांनी सरस्वती काढून तिची पूजा करण्याची चाल अजूनही बऱ्याच मराठी घरांत आहे. पेरणी, रोवणी, कापणी या दिवसांत ओसरी आपोआप रिकामी व्हायची आणि त्याची कुठे नोंद होत नसे, कारण हजेरीपटच नव्हता.

दिवसाची शाळा पंतोजीची, तर संध्याकाळची घराची. तिचे नाव परवचा. दिवेलागणीला देवापुढे निरांजन लागले की मुलांनी हातपाय धुऊन ओळीने बसायचे, शुभंकरोती म्हणायची, तिथी-वार, महिने, नक्षत्रे म्हणायची आणि मग पाढे. बे एके बे पासून तिसापर्यंत पूर्णांकांचे पाढे झाले की अपूर्णांकांचे: पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी. औट म्हणजे साडेतीन. शिकवणारा आजोबा किंवा मोठा भाऊ. तो पुस्तक घेऊन बसत नसे. चूक कानाला कळायची, कारण पाढ्याला चाल असते आणि चुकलेला आकडा चालीत बसत नाही. चाल हीच तपासणी, हे या पद्धतीचे खरे बळ.

या अपूर्णांकांच्या पाढ्यांना आज पाठांतराचा अतिरेक म्हणून हसणे सोपे आहे. पण सोळा आण्यांचा रुपया आणि वीस कुडवांची खंडी चालत होती तोवर ते रोजच्या कामाचे हत्यार होते. नऊ कुडव धान साडेतीन आणे कुडवाने विकले तर किती? नवाची औटकी साडेएकतीस. म्हणजे दोन रुपयांना अर्धा आणा कमी. हा हिशेब बाजारात उभ्याउभ्या, बोटसुद्धा न मोडता व्हायचा. ज्याला औटकी येत नसे तो व्यापाऱ्याच्या तोंडाकडे पाही.

हे चित्र गावातल्या सगळ्या घरांचे मात्र नव्हते. पंतोजीच्या ओसरीवर मुलगे बसत, तेही कुळकर्णी, वाणी, सधन शेतकरी यांचे. मुलींच्या वाट्याला यायचे ते परवच्यातून कानावर पडेल तेवढे. गोंड, महार आणि मजुरांच्या मुलांना ओसरीही नव्हती आणि पाढेही नव्हते. त्यांचे घरचे शिक्षण म्हणजे काम: गुरे ओळखणे, रानातला पाला-कंद ओळखणे, धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपे, उपटून जुड्या बांधणे. ते ज्ञान कमी दर्जाचे नव्हते. पण सावकाराच्या वहीत काय लिहिले आहे ते वाचायला त्याचा उपयोग नव्हता.

आठवडा आला तो सरकारी शाळेबरोबर आणि खाणीबरोबर. इंग्रजी अमलात शिक्षण खात्याच्या शाळांना हजेरीपट, तपासनीस आणि रविवारची सुटी मिळाली. शेतकऱ्यांच्या मुलांना दिवसभर शाळेत अडकवून ठेवता येत नाही हे मध्य प्रांताच्या शिक्षण खात्याने लवकर ओळखले, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ग्रामीण शाळांत त्यांच्यासाठी अर्धवेळाची पद्धत ठेवली होती: सकाळी शाळा, उरलेला दिवस घरच्या कामाला. कामगारांचा रविवार तर झगडून मिळवावा लागला. मुंबईच्या गिरण्यांतील मजुरांना नारायण मेघाजी लोखंडे यांच्या चळवळीमुळे 10 जून 1890 रोजी साप्ताहिक सुटी मान्य झाली. खाणीत सहा दिवसांहून जास्त काम घेऊ नये असे कायद्याने म्हणायला 1923 चा खाण कायदा यावा लागला.

त्याच कायद्याने तेरा वर्षांखालील मुलांना खाणीत कामावर ठेवायला बंदी केली, आणि 1935 मध्ये ही मर्यादा पंधरावर गेली. खाणीच्या गावात या ओळींचा अर्थ मोठा होता. मँगनीजच्या उघड्या खाणीत दगड फोडणे, माल निवडणे, टोपल्यांनी वाहणे हे काम कुटुंबेच्या कुटुंबे करत आणि मोबदला मालाच्या मापाने मिळे, त्यामुळे लहान हातही कमाईचे. कायद्याने ते हात मोकळे केले, निदान कागदावर. आठ-दहा वर्षांच्या मुलाने दिवसभर काय करायचे, हा प्रश्न घरांपुढे तेव्हा प्रथम उभा राहिला. शाळा हे त्याचे एक उत्तर होते. धाकट्या भावंडाला सांभाळणे हे दुसरे, आणि मुलींच्या बाबतीत बहुधा दुसरेच निवडले जाई.

खाणीचा इतिहास थोडक्यात असा. 1896 मध्ये स्थापन झालेल्या एका ब्रिटिश सिंडिकेटने मध्य प्रांतात मँगनीज काढायला सुरुवात केली. तिची पुढे सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झाली. 1962 मध्ये भारत सरकार, मध्य प्रदेश, महाराष्ट्र आणि ती जुनी कंपनी यांच्या भागीदारीतून मँगनीज ओअर (इंडिया) लिमिटेड ही कंपनी उभी राहिली, आणि 1977 मध्ये परकीय हिस्साही सरकारकडे आला. आजची मॉयल ती हीच. मुख्यालय नागपूरला, खाण तिरोडीला. कंपनीची वाट दक्षिणेला जाते आणि सरकारची वाट उत्तरेला, भोपाळकडे.

ही फाटाफूट 1 नोव्हेंबर 1956 ची. तोवर नागपूर ही राजधानी होती आणि हिंदी-मराठी दोन्ही भाषा राज्यकारभारात होत्या. राज्य पुनर्रचनेत विदर्भाचे आठ मराठी जिल्हे मुंबई राज्यात गेले. बालाघाट हिंदी जिल्ह्यांत मोजला गेला आणि मध्य प्रदेशात राहिला. तुमसरची मुले मराठीत शिकू लागली, तिरोडीची हिंदीत. बाजार तोच, सोयरिकी त्याच, पाठ्यपुस्तके वेगळी. सीमेपलीकडे 1967 मध्ये स्थापन झालेल्या बालभारती या पाठ्यपुस्तक मंडळाची पुस्तके आली, सीमेच्या या बाजूला भोपाळची. घरात आजीची झाडीबोली किंवा पोवारी, शाळेत हिंदी, आणि मामाच्या गावाला गेले की तिथल्या भावंडांच्या हातात मराठी पुस्तक, अशी तीन थरांची भाषा इथल्या मुलाच्या वाट्याला आली. त्याला ती जड जात नाही. पण गृहपाठाला मदत करणारे मोठे माणूस बहुतेकदा एकाच थरात पक्के असते.

दुसरा फटका तितकाच मोठा होता, पण त्याची चर्चा कमी होते. 1 एप्रिल 1957 रोजी दशमान नाणी आली आणि ऑक्टोबर 1958 पासून मेट्रिक वजने-मापे लागू होऊ लागली. आणा गेला, शेर गेला, कुडव हळूहळू गेला. त्यांच्याबरोबर पावकी-दिडकी-औटकीचे काम संपले. आजोबांना येत होते ते नातवाच्या पुस्तकात नव्हते, आणि नातवाच्या पुस्तकातला दशांश चिन्हाचा ठिपका आजोबांना अनोळखी. परवचा मोडला तो दूरचित्रवाणीने, असे नेहमी म्हटले जाते. तो त्याआधीच अर्धा मोडला होता, कारण त्यातले गणित बाजारात चालेनासे झाले होते. उरली ती शुभंकरोती.

पुढच्या चार दशकांत घरचा अभ्यास म्हणजे शाळेने दिलेला गृहपाठ एवढाच अर्थ उरला. मध्य प्रदेशात 1 जानेवारी 1997 पासून शिक्षण हमी योजना आली: एक किलोमीटरच्या आत शाळा नसेल आणि चाळीस मुले असतील, आदिवासी भागात पंचवीस, तर गावाने मागणी करावी आणि सरकारने नव्वद दिवसांत शिक्षकाची सोय करावी. शाळा अशा रीतीने दारापर्यंत आली. 2010 पासून लागू झालेल्या शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान 200 दिवस आणि 800 तास अध्यापन ठरवले. गृहपाठाला उलट कात्री लागली: 2018 मध्ये केंद्र सरकारने पहिली-दुसरीला गृहपाठ देऊ नये असे कळवले, आणि 2020 च्या दप्तर धोरणाने तिसरी ते पाचवीला आठवड्याला फार तर दोन तास, अशी मर्यादा घातली. गंमत अशी की हे धोरण आले त्या वर्षी देशातल्या मुलांचा सगळाच अभ्यास गृहपाठ झालेला होता.

मार्च 2020 च्या मध्याला मध्य प्रदेशातील शाळा बंद झाल्या. 25 मार्चपासून देशभर टाळेबंदी लागली. एप्रिलमध्ये राज्याने ‘डिजीलेप’ नावाने व्हॉट्सअ‍ॅप गटांची उतरंड उभी केली: राज्याकडून जिल्ह्याला, तिथून संकुलाला, शाळेला आणि शेवटी पालकाच्या फोनवर रोजची चित्रफीत. आकाशवाणीवर ‘रेडिओ स्कूल’ सुरू झाले. आणि 6 जुलैपासून घरालाच शाळा ठरवणारे ते वेळापत्रक आले.

त्या वेळापत्रकाचा आठवडा असा होता. सोमवार ते शुक्रवार सकाळी दहा वाजता घरातल्या मोठ्या माणसाने थाळी किंवा घंटी वाजवायची, शाळा भरली. मुलाने घरातल्या ठरलेल्या कोपऱ्यात बसून भाषा, गणित, अभ्यासपुस्तिका करायच्या. एक वाजता पुन्हा थाळी, शाळा सुटली. चार ते पाच खेळ. संध्याकाळी सात ते आठ घरच्या वडीलधाऱ्यांनी गोष्ट सांगायची आणि मुलाने ती आपल्या शब्दांत लिहायची किंवा सांगायची. शनिवारी पुस्तक बंद: खेळ, चित्रे, हस्तकला यांची ‘मस्ती की पाठशाला’. शिक्षकांनी रोज काही घरी जायचे किंवा फोन करायचा. पुढे मोकळ्या जागेत थोडी-थोडी मुले जमवून मोहल्ला वर्गही घेतले गेले.

हिशेब मांडला तर सकाळचे तीन तास गुणिले पाच, म्हणजे आठवड्याला पंधरा तास. कायद्याचे 800 तास 200 दिवसांत वाटले तर दिवसाला चार पडतात. घरच्या शाळेने मागितलेला वेळ अवाजवी नव्हता. अडचण तासांची नव्हती, महिन्याची होती.

जुलै म्हणजे धानपट्ट्यात रोवणीचा महिना. पाऊस लागला की पऱ्हे उपटायचे, जुड्या बांधायच्या, चिखल केलेल्या बांधीत ओळीने रोवायच्या; आणि हे काम बायांचे. रोवणीची बाई भाकरी बांधून सकाळीच धुऱ्यावर असते, दिवस कलल्यावर परतते. दहाच्या ठोक्याला घरात थाळी वाजवायला ती नसते. खाणीवरचा बाप पाळीला गेलेला, आणि घरातला एकुलता एक फोन त्याच्या खिशात. मग थाळी वाजवणार कोण? आजी, नाहीतर चौथी-पाचवीतली बहीण. म्हणजे जी स्वतः विद्यार्थी तीच शिक्षिका. जुन्या पंतोजीच्या शाळेतही मोठी मुले धाकट्यांना गिरवायला शिकवत. मद्रासमध्ये अँड्र्यू बेलने अठराव्या शतकाच्या अखेरीस अशीच रीत पाहिली आणि ती इंग्लंडला नेऊन गाजवली.

वेळापत्रकातला सात ते आठचा तास मात्र रोवणीच्या घरातही जमण्यासारखा होता. चुलीवर भात शिजत असतो, सगळे घरात असतात, फोन लागत नाही. वेळापत्रक करणाऱ्यांच्या मनात परवचा होता की नाही कोण जाणे. दिवेलागणीची तीच वेळ, तीच वडीलधारी माणसे, फक्त पाढ्यांच्या जागी गोष्ट. संपूर्ण योजनेतला हा सर्वांत शहाणपणाचा भाग म्हणावा लागेल. गोष्ट झाडीबोलीत ऐकून हिंदीत लिहायची, म्हणजे भाषांतराचा धडाही फुकटात.

सीमेपलीकडे महाराष्ट्राने वेगळी साधने वापरली. ‘शाळा बंद, पण शिक्षण सुरू’ हा तिथला मंत्र. सोमवार, 20 जुलै 2020 पासून दूरदर्शनच्या सह्याद्री वाहिनीवर एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनची ‘टिलीमिली’ मालिका लागली: पहिली ते आठवी, रविवार सोडून रोज, दहा आठवडे, एकूण 480 भाग. बालभारतीच्या पाठांवर आधारलेली असूनही तिने फळ्यापुढचा मास्तर टाळला. घरातली भांडी, अंगण, भाजी यांतून शिकायचे उपक्रम दाखवले. नागपूर विभागात विभागीय प्रशासन, ‘प्रथम’ संस्था आणि आकाशवाणी नागपूर यांनी ‘शाळेबाहेरची शाळा’ हा रेडिओ कार्यक्रम चालवला. 1948 मध्ये सुरू झालेल्या नागपूर केंद्राच्या मध्यम लहरींना राज्याची सीमा ठाऊक नसते. तिरोडी नागपूरहून हवाई अंतराने नव्वदेक किलोमीटरवर आहे. आवाज पोहोचत होता. पण त्यातला धडा भंडाऱ्याच्या मुलाच्या पुस्तकातला होता, तिरोडीच्या मुलाच्या पुस्तकातला नव्हता.

देशाच्या ग्रामीण भागात काय घडले त्याचे मोजमाप ‘प्रथम’च्या ‘असर’ पाहणीने सप्टेंबर 2020 मध्ये केले. शाळकरी मुले असलेल्या 61.8 टक्के घरांत स्मार्टफोन होता. दोन वर्षांपूर्वी हे प्रमाण 36.5 टक्के होते. तरीही पाहणीच्या आधीच्या आठवड्यात शाळेकडून काही ना काही अभ्याससाहित्य मिळालेली मुले होती जेमतेम 35.6 टक्के. उलट, घरातल्या कोणाची तरी मदत मिळणारी मुले चारांत तीन निघाली. यंत्र पोहोचले नाही तिथे माणूस पोहोचला होता. त्याने काय साधले, हे वेगळे. अझीम प्रेमजी फाउंडेशनने जानेवारी 2021 मध्ये मध्य प्रदेशासह पाच राज्यांतल्या 16,067 मुलांना तपासले, तेव्हा 92 टक्के मुले आदल्या वर्षी येत असलेले भाषेचे निदान एक कौशल्य आणि 82 टक्के मुले गणिताचे निदान एक कौशल्य विसरलेली आढळली. वाचन-लेखन टिकवायला घरची तास-दोन तासांची साथ पुरली नाही, एवढे त्यातून स्पष्ट झाले.

मध्य प्रदेशातील पहिली ते पाचवीचे वर्ग निम्म्या उपस्थितीने पुन्हा भरले ते 20 सप्टेंबर 2021 रोजी. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातील पहिली ते चौथीला 1 डिसेंबरपर्यंत थांबावे लागले. तिरोडीच्या बाजूला घरची थाळी पहिल्यांदा वाजली तो सोमवार होता, आणि शाळेची घंटा पुन्हा झाली तोही सोमवारच. मधे बरोबर 63 आठवडे गेले होते. पहिलीचे वय होऊन 2020 मध्ये नाव घातलेले मूल त्या दिवशी शाळेच्या पायरीवर आले तेव्हा ते दुसरीत होते, आणि वर्गात बसण्याचा त्याचा तो पहिलाच दिवस होता.